जिन्याचा भार

दुपारच्या उन्हाला इतकी वर्षं कोणी विचारत नव्हतं.
पापड, गाद्या, धुतलेल्या चपला,
एवढंच त्याचं गिऱ्हाईक.
आता कन्नमवार नगरात, आमच्या त्या इमारतीच्या गच्चीवर
ते मोजून घेतात,
बत्तीस बिऱ्हाडांत वाटतात,
आणि वाटपाचा हिशेब दर पंधरा मिनिटांनी
मी लिहिलेला प्रोग्राम ठेवतो.

नऊ ते पाच स्वस्त. सहानंतर महाग.
कोणी काय कधी लावावं ते तो सकाळीच कळवतो,
मराठीत, आदबीनं. 'कृपया' मी घातलंय.
माणसं तो दोन रकान्यांत बसवतो:
लवचीक आणि अलवचीक.
दुसरा शब्द साहेबांचा.
मी 'ताठ' सुचवला होता. नाही चालला.

तिसऱ्या मजल्यावरचे अंकलीकर ताठ.
रात्री आठला एसी म्हणजे आठला एसी,
दर गेला खड्ड्यात.
समोरच्या कुंदा बागवे लवचीक:
वॉशिंग मशीन, मिक्सर, उद्याच्या इडलीचं वाटण
सगळं त्यांनी दुपारी ओढून घेतलं.
त्यांची दुपारची झोप कुठे गेली
ते आलेखात दिसत नाही.
महिन्याला एकशे चाळीस रुपये वाचले.
हा आलेख मी मीटिंगमध्ये दाखवला होता.

मार्चात एक रेघ सापडली,
कोणाच्याच नावावर नसलेली.
साडेअकरा ते चार, हजार वॅट,
मधे मधे तुटणारी, उचकी लागल्यासारखी.
प्रोग्रामनं ती लाल केली.
अनोळखी भार. शक्यता: चोरी.

मी गेले बघायला.
जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांशेजारी,
लालताप्रसाद कॉलरवर पाणी शिंपडत होता.
कोळशाची इस्त्री वर फळीवर, थंड,
तिच्या पोटात आता सुटी बटणं.
आणि जिन्याच्या दिव्यातून खाली आलेली वायर
भिंतीला नीट चिकटपट्टीनं बसवलेली.
लपवायचं म्हणून कोणी असं लावत नाही.

"कुणी दिली?"
तो नुसता वर बघतो.
वरून सेक्रेटरी पुष्पसेन कांबळी गॅलरीतून ओरडतात,
"स्वस्त सुरू आहे रे अजून! साड्या उरकून घे!"
म्हणजे माझा निरोप त्यांच्या फोनवर
आणि तिथून हाकेनं इथवर.
बत्तीस घरांत कोणी पाळत नाही इतका बिनचूक
पाळतो हा तेहतिसावा,
ज्याला मीटरच नाही.

कांबळी बनियनवरच खाली आले.
"धूर सोसेना हो बागवेंच्या नातवाला.
म्हटलं, घे इथून. ठराव कशाला हवा?
कागदावर घेतलं की अंकलीकर भांडणार.
कागदावर नाही,
तोवर पहिले शर्ट त्यांचेच असतात."

ऑफिसात परत येऊन मी रेघ उघडली.
पर्याय होते चोरी, गळती, सामाईक.
सामाईकच्या पोटात पंप, लिफ्ट, जिना.
त्या इमारतीला लिफ्ट नाही.
मी जिना निवडला. लाल गेलं.

पुढचा प्रश्न आपोआप आला:
हा भार लवचीक आहे का?
आहे की. इतका की हाकेसरशी सुरू, हाकेसरशी बंद,
भूक चारनंतरची, चहा इस्त्री निवल्यावर.
मी 'हो'वर बोट ठेवलं
आणि मग आठवलं, हा नियम मीच लिहिलाय:
वीज कमी पडली की आधी लवचिकांची तोडायची,
निरोप नंतर द्यायचा.

निघताना त्यानं एवढंच विचारलं होतं,
"मॅडम, ढग येणार असले तर
आदल्या रात्री कळेल का?
लोकांना कपड्यांचं खोटं सांगावं लागतं."

मी बोट उचललं.
जिन्यापुढे साहेबांचा तो शब्द टाकला,
अलवचीक.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते
अजून सुचलेलं नाही.
प्रोग्राम दर पंधरा मिनिटांनी आठवण करतो.
कृपया, म्हणतो.